रांजणावर वळवलेला कॅमेरा

आप्पा, तुमच्या रांजणावर मी कॅमेरा बसवला. तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं होऊन गेली आणि तो कॅमेरा बसवून उतरवला त्यालाही आता दोन उन्हाळे झाले, तरी हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतो तेव्हा तुमची आठवण होते, त्या वेळी सांगता आलं असतं. पण हातात लिंग असताना ही घाण बाहेर काढायला जमत नाही. म्हणून आज आपल्या भांड्यांच्या दुकानाच्या मागल्या खोलीत, डब्यांच्या आणि घागरींच्या मधे बसून लिहितोय.

तुमच्या वेळी कॅमेरा लग्नाला यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत जायचा. आता तो घराला लावून ठेवतात. तो काही बोलत नाही, दमत नाही, आणि जे बघतो ते तारेतून आत एका पेटीत जाऊन साठतं. पेटी टीव्हीला जोडली की काल आपल्या दारात कोण आलं, परवा कोण आलं, सगळं पुन्हा बघता येतं. तुम्हाला हे सांगतानाच मला तुमचा चेहरा दिसतोय. तुम्ही विचाराल, ‘आन् बघायचं कावून?’ त्या वेळी मला हे कुणीच विचारलं नाही.

मी चौथीत असेन. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी भरून ठेवलेला रांजण तेव्हा ओट्याच्या कडेला होता. मी पाटी घेऊन ओट्यावर बसलेलो, आणि बाजाराला आलेला एक माणूस पाणी पिऊन गेला. मी आत पळत आलो. तुम्ही कुणाच्या तरी लेकीच्या लग्नाच्या परातीवर छिन्नीनं नाव कोरत होतात. मी म्हणालो, ‘आप्पा, त्यानं पेल्याला तोंड लावलं.’ तुम्ही छिन्नी खाली ठेवली. ‘तू काय बघत बसलतास बे?’ म्हणालात. मला वाटलं तुम्ही त्या माणसावर चिडलात, म्हणून मी तो कसा होता, कुठल्या अंगाला गेला, सगळं सांगायला लागलो. तुम्ही माझा कान धरला. जोरात नाही, पण सोडला पण नाही. ‘पानी पेणाऱ्याकडं बघू नी. त्येच्या घशात घोट आडकतो.’ दुसऱ्या दिवशी दोन हमाल बोलावून रांजण उचलला आणि भिंतीच्या वळणापलीकडं, लिंबाखाली, निम्मा जमिनीत पुरला. घरातून दिसत नाही, ओट्यावरून दिसत नाही. आई म्हणाली, ‘तिकडं कोन ध्यान ठिवनार?’ तुम्ही म्हणालात, ‘ध्यान ठिवायचं न्हाई म्हनूनच तिकडं न्यायलोय.’ सगळ्या गावाच्या भांड्यांवर तुम्ही नावं कोरली, रांजणावरच्या पेल्यावर मात्र कधी कोरलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणालात, ‘कुनाचं कोरू?’

दुकानातून आलं की त्या रांजणावर हातपाय धुवायचे आणि संध्याकाळच्या पूजेला तांब्याभर पाणी तिथूनच आत न्यायचं, हा तुमचा नेम. तो मी तुमच्यामागं एक दिवस मोडला नाही. त्याचा मला अभिमान होता, हेही लिहून ठेवतो.

गल्लीत दोन घरं फुटली, तेव्हा कॅमेरे घेतले. परळीहून फिटर आला. एक दारावर, एक परसात, एक जिन्यावर आणि चौथा गल्लीकडं तोंड करून भिंतीच्या कोपऱ्यावर. तुम्ही चुन्यात बांधलेल्या भिंतीला त्यानं चार भोकं पाडली, काळी तार खिळ्यांनी ठोकत टीव्हीच्या कपाटापर्यंत आणली आणि पेटी चालू केली. आतला पंखा घुमायला लागला. ‘काका, आता मुंगी बी चोरून जायची न्हाई,’ म्हणाला. पासवर्ड काय ठेवायचा म्हणून विचारलं. मी म्हणालो, शिवाचं नाव ठेव. तो हसला. ‘देवाचं नाव घेत न्हाई हे. नुस्ते आकडे लागतेत. समदे एक ते सहा ठिवतेत, तुमी बी तेच ठिवा.’ मग त्यानं माझ्या हातात तारेचा उंदीर, म्हणजे माऊस, दिला आणि शिकवलं. इथं दाबलं की जुनं दिसतं, इथं दाबलं की सोळापट पळतं, पंधरा दिवस भरले की जुनं आपोआप पुसून त्यावर नवं चढतं. लाईट गेली की मात्र पेटीचं घड्याळ मार खायचं. भर उन्हातलं चित्र आणि कोपऱ्यात वेळ रात्री साडेबाराची. पहिले काही दिवस मी ते रोज नीट करायचो, मग सोडून दिलं.

महाशिवरात्रीला रांजण धुतला तेव्हा मी नवा पेला ठेवला होता, दुकानातल्या मशीनवर आपल्या दुकानाचं नाव कोरून. तुम्ही कोरलं नाही ते मी कोरलं. आठ दिवसांत तो गेला. दुसरा ठेवला, तोही गेला. आप्पा, ज्याच्या दुकानात पेल्यांच्या चळती लागलेल्या आहेत त्याला दोन पेल्यांचं काय? पण मला चोर बघायचा होता. स्टूल घेतलं, वर चढलो आणि गल्लीकडचा चौथा कॅमेरा हातानं फिरवून रांजणावर आणला.

दुपारी दुकान बंद असतं. त्या दिवसांत मी घरी यायचो, हिनं ताट वाढलेलं असायचं, आणि आम्ही दोघं जेवता जेवता टीव्हीवर रांजण बघायचो. चोर राहिला बाजूला. ऊसतोडीहून परतलेली माणसं, दिंद्रुडच्या बाजारचे व्यापारी, शाळेतल्या पोरी, भीक मागणारा आंधळा, जो येईल त्याचा घसा आमच्या ताटासमोर. ‘अवो, ह्यो बघा, म्हशीवानी पेतोय,’ ही म्हणायची. ‘आन् ह्येनं चूळ कुठं टाकली बघा.’ मी हसायचो. हसताना तोंडात घास असायचा. चार दिवसांत आम्हाला निम्मं गाव घशावरून ओळखू यायला लागलं. कोण पेल्याला तोंड लावतो, कोण वरून पितो, कोण ओंजळीनं. तुम्ही ज्यासाठी माझा कान धरला होता ते मी आता रिकाम्या डाव्या हातानं, गादीवर बसून, मागं-पुढं करून बघत होतो. आज आठवलं की जेवणावरची वासना जाते.

पाचव्या की सहाव्या दिवशी चित्र सोळापट पळत होतं, त्यात कुणीतरी घागर घेऊन आलं. पेला न्यायला येणाऱ्याजवळ घागर कशाला म्हणून मी वेग कमी केला. केरसुण्या विकणारी मावशी होती ती. वेशीबाहेरच्या वस्तीतली, शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधून दारोदार विकते ती. तुम्ही तिला चांगली ओळखत होता. तिनं डोक्यावरची घागर कमरेवर घेतली, रांजणाचं झाकण काढलं, आत वाकून बघितलं आणि निम्मी घागर रांजणात ओतली. झाकण ठेवलं. पदरानं झाकणावरची लिंबाची पानं पुसली. मग उरलेली घागर डोक्यावर घेऊन गेली. मी आदल्या दिवशीचं लावलं. तीच. त्याच्या आदल्या दिवशीचं लावलं. तीच. कोपऱ्यातली वेळ चुकीची होती, पण सावली रोज तीच.

ताट तसंच राहिलं. हिनं विचारलं, ‘केरसुनीवाली हाय का ती?’

‘हाय.’

‘मंग संध्याकाळी रांजण भरलेला आसतो त्यो...’

‘मला वाटायचं तू भरतीस.’

‘मी सकाळीच भरते. मला वाटलं तुमी हमालाला सांगितलंय.’ मग देवघराकडं बघून म्हणाली, ‘म्हंजी लिंगावर बी तेच घातलं की वो तुमी.’

चूळ भरायला मी परसात गेलो. आप्पा, मी आठ वर्षांचा असताना माझ्या गळ्यात लिंग बांधलं त्या दिवशी तुम्ही सांगितलं होतं की हे गळ्यात आलं की उच्चनीच संपलं. मी ते मान हलवून ऐकलं होतं, आणि चाळीस वर्षं ऐकल्यासारखाच वागत होतो, कारण मला दिसत काही नव्हतं. त्या संध्याकाळी मी पूजेला बसलो आणि लिंग आधी दुधानं धुतलं. कशासाठी धुतोय ते मी मनातसुद्धा म्हटलं नाही. हात धूत होते. किळस मला तेव्हा पाण्याची येत होती. आता त्या हातांची येते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद झाल्यावर मी रांजण उपसला. निम्मा पुरलेला, त्यामुळं उलटा करता येत नाही, तांब्यानं उपसत बसलो. टँकरचे दिवस होते, तरी सगळं पाणी मी लिंबाला घातलं. तळ दिसायला लागला तसा तांब्या कशावर तरी वाजला. आत हात घातला. दोन पेले. दोन्हींवर आपल्या दुकानाचं नाव. कुणाच्या तरी हातून निसटून बुडाले होते, आणि रोज आटायच्या आधीच वरून पाणी पडत गेल्यानं तळ कुणी बघितलाच नव्हता. चोर कधी नव्हताच. पेले हातात आले तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. नाही थांबलो. राख आणि काथ्या घेऊन रांजण आतून घासत राहिलो. बोटांची सालं निघाली.

तेवढ्यात ती आली. मी उठून उभा राहिलो. दोन पेले माझ्या हातात, कोपरापर्यंत राख.

‘मावशी, उद्यापासून रांजण भरू नका. आमी भरत जाऊ.’

तिनं घागर कमरेवर घेतली. ‘कावून? काय पडलं का पान्यात?’

‘न्हाई, तसं न्हाई. तुमाला कावून तरास, म्हनून.’

तिनं घासलेल्या रांजणाकडं बघितलं. मग तिची नजर भिंतीवर गेली, काळ्या तारेवरून सरकत वर कॅमेऱ्यापाशी थांबली. ‘त्येच्यात दिसले व्हय मी?’

मी पेल्यांवरची राख पुसायला लागलो.

‘फोटू काढला आन् सांगितलं बी न्हाई. पदर तरी नीट घेतला आसता,’ ती म्हणाली. हसली नाही. मग म्हणाली, ‘तुमच्या आप्पानंच लावून दिलतं मला ह्ये. दुपारचा रांजण कोरडा पडतो, हापश्यावरनं येतीस तर तेवढं बघत जा म्हनलते. संध्याकाळी त्येंना पूजेला पानी मिळंना.’

‘आप्पाला म्हाईत होतं?’

‘मंग? येक डाव मी म्हनलं, आप्पा, ह्ये पानी तुमी देवाला न्यायला. तर मलाच म्हनले, हिंदळू नको, पायावर सांडायलंय.’

मी तिथं उभा होतो. अजून वेळ होता, आप्पा. रांजण रिकामा होता, तिची घागर भरलेली होती, झाकण माझ्या पायाशी पडलं होतं. एक शब्द पुरला असता, किंवा शब्दही नको, नुसता बाजूला सरकलो असतो तरी चाललं असतं. मी सरकलो नाही. तिनं वाट बघितली. ‘मंग ह्येचं काय करू?’ म्हणाली, आणि तिनं निम्मी घागर लिंबाच्या बुडाशी ओतली. नेहमीएवढीच, निम्मी. उरलेली डोक्यावर घेतली आणि गेली.

तेव्हापासून ती या गल्लीतून येत नाही. हापश्यावरून शाळेमागच्या वाटेनं जाते, लांब पडतं तरी. ही आता दुकानातून प्लास्टिकचा झाडू आणते. मी तिच्याकडं गेलो नाही. तिचं घर दुकानापासून दहा मिनिटांवर आहे. त्याऐवजी मी काय केलं, तर पंधरा दिवस वाट बघितली. पेटीतलं जुनं आपोआप पुसलं जातं हे फिटरनं सांगितलं होतं. सोळाव्या दुपारी मी मागं जाऊन बघितलं. ती नव्हती, घागर नव्हती, मी नव्हतो. मला बरं वाटलं, आप्पा. खरोखर बरं वाटलं, पोट भरून जेवलो. मग ताट उचलताना ते बरं वाटणं माझ्या ध्यानात आलं, आणि तेव्हापासून स्वतःची जी शिसारी बसली ती गेलेली नाही. दुसऱ्या दिवशी मी तो कॅमेरा उतरवला. हिला सांगितलं, व्होल्टेजनं जळाला. तार अजून भिंतीवर तशीच आहे.

रांजण चालू आहे. सकाळी ही भरते, दुपारी मी स्वतः येऊन भरतो. पेला ठेवलाय, नाव नसलेला. कोण पितं ते मी बघत नाही. हे पत्र त्या कॅमेऱ्याच्या रिकाम्या खोक्यात ठेवणार आहे, कपाटावर, जिथं कुणी हात लावत नाही.

एक राहिलं. तुमचा नेम मी मोडलाय. संध्याकाळच्या पूजेचं पाणी आता मी रांजणाचं घेत नाही, घरात विकतचा जार येतो त्यातलं घेतो. रांजण आता माझ्याच हातानं भरलेला असतो, मावशीची घागर त्यात पडत नाही, तरी घेत नाही. त्या रांजणाची लाज वाटते म्हणून घेत नाही, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आलोय. ते खरं नाही, आप्पा.