थोरलीचा खालचा प

२ मार्च, रवि.
मंचरला क्लास. सरांनी आज थोरली हातात ठेवली. पेटीच्या पांढरी तीन पट्टीची बासरी, माझ्या हाताएवढी लांब. परीक्षा वरची तशी बासरी मोठी, हा सरांचा घरचा नियम. अभ्यासक्रमात असं कुठंच नाही. प्रारंभिकला पूनमची धाकटी वाजवली (लेकीनं टाकली, आईनं उचलली). प्रवेशिकेला मधली, पांढरी पाचची. आता मध्यमेला ही. उजव्या हाताची अनामिका सहाव्या भोकापर्यंत जाईना. लहानपणी विळ्यानं कापलेलं बोट, नीट पसरतच नाही. खालचा प काढायला गेले की नुसतं फुस्स.
सर म्हणाले, "पोचत नाही असं नसतं. अजून पोचलं नाही, एवढंच." एस.टी.च्या वर्कशॉपात सगळी नोकरी झाली त्यांची. माझ्याशीही नटबोल्टशी बोलल्यासारखं बोलतात.

५ मार्च
अंगणवाडीत वजनं. मोबाईलवर नोंदी चढेनात. खिचडी लागली खाली. घरी येऊन भाकरी. बासरी खुंटीलाच.

९ मार्च, रवि.
सर क्लास बंद करणार. गुडघे गेले. मुलगा पुण्याला घेऊन जाणार, परीक्षा झाल्या की. पोरं गेल्यावर मला थांबवलं. "मध्यमा थोरलीवर दे संगीता. दिलीस तर रविवारची पोरं तुझी."
बासरी पिशवीत घालून निघाले. घरी लोणीपर्यंत एस.टी.त उभी होते, पाय दुखल्याचं कळलं नाही.
मला पाहिजे हा क्लास. इथं लिहायला काय जातंय. लई पाहिजे. पोरांना काट्यावर बसवायचं, खाऊ घालायचं, वर कळवायचं, यात वीस-बावीस वर्षं गेली. एक तरी पोर माझ्याकडून काही शिकून जाऊ दे की.

१८ मार्च
मळ्यात वाजवायचे, तेही बंद. उसात बिबट्या दिसलाय, दिवस कलला की कुणी फिरकत नाही. मग घरात. घरात टीव्ही. हे म्हणतात, "आवाज कमी कर जरा." म्हटलं बासरीला बटण नसतं. हसले नाहीत.
तबला मोबाईलमधला लावते. बोट फिरवलं की पांढरी तीन, बोट फिरवलं की पांढरी पाच. मशीन बिचारं कुरकुरत नाही.

२ एप्रिल
प लागला! एकदाच. मनगट जरा बाहेर काढलं अन् लागला. भरलेला हंडा वाजावा तसा. परत लागला नाही. बोट सुजलंय, भांडी पूनमनं घासली (सुट्टीला आलीये). ती म्हणे, "आई, मधलीवर दे ना, सोपं जाईल. कोण विचारतंय?"
सर विचारतायत, बाई.

१३ एप्रिल, रवि.
दहातले सहा-सात वेळा लागतो. सर पुढच्या पोराकडे वळले, म्हणजे बरं असावं.
साथीला दत्तूमामा येणार. आमच्या भजनी मंडळाचा तबला तेच वाजवतात, मागच्या परीक्षेलाही आले होते. कांदा काढणी चालू आहे, रियाजाला वेळ नाही म्हणाले. फोनवर सांगितलं, मामा, यंदा लांब बासरी आहे. "आण की लांब. मी हाये."

२६ एप्रिल
जुन्नर. परीक्षा झाली. आत्ता लिहिते, उद्या हात उचलणार नाही.
व्हरांड्यात सगळी बारा-तेरा वर्षांची पोरं अन् त्यांच्या आया. मला एकीनं विचारलं, "तुमचा कुठला?" म्हटलं, मीच.
मामा इस्त्रीचं धोतर, टोपी घालून तबला मांडीशी धरून बसलेले. टिचकी मारली. पांढरी पाच!
"मामा, हा मधलीचा सूर. थोरली पांढरी तीन आहे."
"तू लांब म्हणालीस, संगे. सूर कुठं म्हणालीस? मागच्या येळेला पाचच व्हती की. काल सांजच्याला बसून लावलाय, लई जीव लावून."
"उतरतो का?"
"येवढा उतरवला तर डबा वाजंल नुसता."
दुसरा तबला काळी चारचा, गाणाऱ्या पोरींचा, तोही जुळेना, अन् मोबाईलचा इथं चालत नाही. तोवर आतून माझं नाव पुकारलं.
पिशवीत दोन्ही होत्या. मधली काढली.
यमन चांगला झाला. खालचा प सुद्धा. मधलीवर तो लागतोच. परीक्षक मान हलवत होते. मला रडू येत होतं अन् मामा खुशीत ठेका देत होते. बाहेर आल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला. "मी सांगतो सरांना, माझी चूक." म्हटलं, राहू द्या मामा, चहा घेऊ.

२७ एप्रिल, रवि.
सर : "कुठली वाजवलीस?"
मी : "मधली."
सर : "बरं."
तबल्याचं सांगायला तोंड उघडलं तोवर ते पोरांकडे वळले, अलंकार घेतले तासभर. क्लासचं अवाक्षर नाही. राग आला. त्यांचा, मामाचा, बोटाचा, सगळ्यांचाच.

४ मे, रवि.
सर पुण्याला गेले. काल दुपारीच. क्लासशेजारच्या शिलाईवाल्या वहिनी म्हणाल्या, "चावी माझ्याकडं ठिवलीया. कुणाला द्यायची ते बोललं न्हाईत. म्हनले, जो मागंल त्याला द्या."
मी परत आले. थोरली अजून माझ्याकडेच आहे. ती त्यांनी मागितली नाही.

७ मे
उन्हानं बांबू तडकतो म्हणून थोरलीला तेल लावलं. दुसरं काही नाही. थकले.

११ मे, रवि.
निकाल नाही अजून. मंचरला काम नव्हतं, तरी गेले. क्लासच्या पायरीवर चार-पाच पोरं बसलेली, बासऱ्या मांडीवर. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं क्लास बंद झाल्याचं; मागच्या रविवारी सुट्टी असेल म्हणून परत गेलेली.
"बाई, सर कुठंयत?"
"पुण्याला."
"मग आज काय?"
पायरीवरच बसले. थोरली काढली. सा बरा लागला. खाली उतरले, प वर आले अन् फुस्स. पोरं फिदीफिदी. मलाही हसू आलं, किती दिवसांनी.
वहिनी मशीन थांबवून दारात आल्या, चावी हातात. "मागताय का, बाई?"
म्हटलं, "थांबा वहिनी. प लागू द्या आधी."
परत फुंकली. वहिनी उभ्याच होत्या.