मोजून दहा

२३ ऑगस्ट १९५९, रविवार. महाड.

काल पुन्हा आठच. हसाजींच्या घाण्याच्या पडवीत आम्ही आठ जण मांडी घालून दाराकडे तोंड करून बसलो, बघत राहिलं की दोघं उगवतील अशा थाटात. साडेनऊपर्यंत वाट पाहिली. दहा पुरुष जमले नाहीत तर कपाटातला सेफेर, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर काढता येत नाही, तोरा वाचता येत नाही, अर्धी प्रार्थना गिळावी लागते. हा नियम काही मी केलेला नाही, पण बोलणी मला. हसाजी म्हणतात, “मास्तर, वाचणारे तुम्ही, मग माणसंही तुम्हीच गोळा करा.” म्हणजे प्रार्थना चालवणारा हजानही मी आणि दवंडीवालाही मीच!

महाड आणि पोलादपूर मिळून आम्ही बेने इस्राएल यहुदी पुरुष आता मोजून दहा. एकाला सर्दी झाली तरी शनिवारचा शब्बाथ बुडतो. पो.पूरचे इसाजीकाका तापाने पडलेत, मुलगा त्यांच्या उशाशी. झाले दोन कमी. दहा वर्षांपूर्वी याच पडवीत बसायला जागा मिळायची नाही, घाण्याच्या लाकडावर पोरं बसायची. गेले सगळे. कोणी मुंबईला, कोणी थेट इस्राएलात.

सातवीच्या वह्या तशाच पडल्यात. पाऊस थांबत नाही.

२७ ऑगस्ट, गुरुवार.

कागद आला.

मुंबईच्या ऑफिसचा लांब लखोटा. रिबका आणि मी, दोघांनाही इस्राएलला जायची परवानगी. डिसेंबरचं जहाज. हो की नाही ते २० ऑक्टोबरच्या आत लिहून पोचलं पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला.

अर्ज केला होता तो रि.च्या रडण्यापायी. आबू आमचा एकुलता एक, चार वर्षं तिकडे. त्याला मुलगी झाली, ती चालायलाही लागली, आम्ही फोटोत बघतो. मला वाटलं होतं अर्ज पडून राहील, सरकारी कागद पडून राहतात तसा. मेला नेमका हाच हलला.

रि.ने लखोटा छातीशी धरला, रडली, मग हळूच म्हणाली, “मी एलियाहू हन्नाबीला मलिदा बोललेय. कागद आला की करीन म्हणून.” मला न विचारता! म्हटलं, अगं बाई, नबीच्या मलिद्याला पुरुष बोलवावे लागतात. कशाचा मलिदा ते त्यांच्यासमोर बोलून दाखवावं लागतं. कोणासमोर? त्याच नऊ जणांसमोर! ‘मंडळी, तुम्हाला नवावर सोडून चाललो, घ्या गोड पोहे खा.’

“मग काय चोरून जाणार आहात?” म्हणाली.

कागद ट्रंकेत, लग्नातल्या कोटाखाली ठेवलाय. कुलूप लावलं. दोनदा उघडून बघितलं.

१ सप्टेंबर, मंगळवार.

वर्गात चित्त नाही. फळ्यावर गणित अर्धं लिहिलं आणि पुढचं पोरांना विचारत बसलो. रि. रोज एकच, “मलिदा कधी?” पाऊस आहे, नारळ महाग आहेत, काका आजारी आहेत. सबबी संपत आल्या.

जावंसं वाटतं का मला? नातीला बघावंसं वाटतं. जावंसं वाटतं असं नाही म्हणवत. दोन्ही एकच आहे, असं रि. म्हणते.

६ सप्टेंबर, रविवार.

एस.टी.ने पो.पूरला जाऊन आलो. उद्या गणपती, गाडीत निम्म्या लोकांच्या मांडीवर मूर्ती. मला उभं राहावं लागलं.

इ.काकांचा ताप उतरलाय. हाडं तेवढी राहिलीत. पलटणीत पंचवीस वर्षं काढलेला माणूस, खाटेवर ताठ बसायचा आव आणतो. माझा हात धरून म्हणाले, “शमू, तोंड असं काय करून बसलास? मी इतक्यात मरत नाय. मी मेलो की तुमी नऊ. तुला नवात ठेवून मी कसा जाऊ रे?”

हसले. मला हसता आलं नाही. म्हटलं, बरे व्हा, पुढच्या रविवारी आमच्याकडे मलिदा आहे. कसं तोंडातून गेलं देव जाणे. त्यांनी एकदम डोळ्याला पंचा लावला. मला वाटलं अशक्तपणा.

१३ सप्टेंबर, रविवार. मलिदा.

रि.ने पहाटेपासून पोहे भिजवले, नारळ खवला, गूळ, वेलची, खजूर, केळी, ताटावर कडेने पाच फळं. पाट पुसून मध्ये गुलाब ठेवला. मी रात्रभर वाक्य जुळवत होतो. ‘आमच्यावर कृपा झाली, आमच्या मुलाकडे जाण्याची वाट मोकळी झाली.’ बस, एवढं म्हणायचं आणि खाली बघायचं.

दहाही जण आले! इ.काका पहिल्या गाडीने, काठी टेकत, नवा फेटा बांधून. आल्याआल्या हसाजींना म्हणतात, “बघा, सख्खा पुतण्या करनार नाय ते शमूनं केलं. माझ्या दुखण्यासाठी मलिदा बोलला.” हसाजी माझ्याकडे वळून म्हणाले, “आम्हाला ठाऊकच होतं.” सगळ्यांना तेच वाटत होतं! आठवडाभर दोन्ही गावांत हीच बोलवा.

गाणं झालं, ताटावर हात धरला, आता बोलायचं. काका समोर, हात जोडलेले, डोळ्यांतून पाणी. आतल्या दारात रि. पदर खोचून उभी.

मी म्हणालो, “इसाजीकाका बरे झाले म्हणून.”

सगळे आमेन म्हणाले. मग एकेक जण येऊन हातबोशी करून गेला. तळव्याला तळवे लावायचे आणि आपली बोटं ओठांना. नऊ जणांचे हात माझ्या हातांतून गेले. लाज वाटली, फार लाज वाटली.

१४ सप्टेंबर, सोमवार.

रि. बोलत नाही. सकाळी चहा आदळला. दुपारी शाळेतून आल्यावर बोलली ती अशी, “नवस माझा आणि फेडलात कोणाच्या नावाने? एलियाहू हन्नाबी म्हणजे काय पोस्टमन वाटला, पाकिटावर दुसऱ्याचा पत्ता घातला तरी आमच्याकडे आणून देईल?”

“काका रडत होते गं.”

“मी चार वर्षं रडतेय.”



२२ सप्टेंबर, मंगळवार.

आज जे केलं ते लिहून ठेवतो. उद्या स्वतःलाच खोटं सांगायला नको.

संध्याकाळी बिन्यामीन आला. एस.टी.च्या डेपोत फिटर आहे, तिशीचा, कामसू, कमी बोलणारा. शब्बाथला सगळ्यांच्या आधी येऊन पडवी झाडतो. माझाच विद्यार्थी. बसायला खुर्ची दिली ती सोडून ट्रंकेवर बसला. त्याच ट्रंकेवर.

“मास्तर, पहिलं तुम्हालाच सांगतो. आमचा कागद आलाय. लेआचे तिन्ही भाऊ तिकडं हायत, तिला इथं करमत नाय. जानेवारीचं जहाज म्हणतात.”

‘माझाही आलाय रे,’ एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. त्याऐवजी मी उसळलो. “आणि दहावा कुठून आणू मी? सावित्रीच्या डोहातून काढू? नऊ जणांनी त्या पडवीत बसून काय पत्ते कुटायचे? तुझ्या बापाने शेवटच्या आजारपणात सुद्धा शब्बाथ चुकवला नाही. त्याचा मुलगा तू, पळपुटा!”

पळपुटा म्हणालो. मी.

तो खाली मान घालून नखातलं काळं तेल बघत बसला. मग “बरं” म्हणाला आणि चप्पल घालून गेला. रि. स्वयंपाकघरात होती. तिने सगळं ऐकलं. बाहेर आली, माझ्याकडे नुसतं बघितलं आणि पुन्हा आत गेली.

२४ सप्टेंबर, गुरुवार.

झोप नाही. विचार करकरून हिशेब असा लागतो. तो गेला तर नऊ. मीही गेलो तर आठ. नऊ काय आणि आठ काय, सेफेर दोन्हीत कपाटातच. म्हणजे तो जात असेल तर मी राहून उपयोग नाही, सुखाने जावं. उलट त्याच्या कागदाने माझीच सुटका व्हायची होती. मग ओरडलो का?

तो माझ्याआधी बोलला म्हणून. जे मला महिनाभर जमलं नाही ते ह्या पोरसवद्या माणसाने ट्रंकेवर बसून दोन वाक्यांत उरकलं म्हणून. दुसरं कारण नाही.

डेपोपर्यंत गेलो होतो. तो गाडीखाली होता, पाय दिसत होते. हाक मारली नाही.

५ ऑक्टोबर, सोमवार.

नव्याचा सण, आमचं नवं वर्ष, झाला. दोन दिवस दहा भरले. पहिला दिवस शनिवारचा, शब्बाथला शिंग फुंकत नाहीत, म्हणून ते कालच वाजवलं. पहिल्यांदा नुसती हवा, पोरं फिदीफिदी हसली. इ.काका म्हणाले, “जोर लाव, शमू, पलटणीतला बिगुल काय असा वाजवतात?”

बि. आला होता. पडवी झाडली, मागे बसला. हातबोशी केली ती माझ्याकडे न बघता. त्याला बाजूला घेणार होतो, तोवर तो लेआला घेऊन निघालाही होता.

आबूचं पत्र. खोली बघून ठेवलीय म्हणतो. पोरगी दारात उभी राहून ‘आजी’ म्हणते. पत्र कुठे ठेवू आणि कुठे नको असं रि.ला झालंय.

९ ऑक्टोबर, शुक्रवार.

ठरलं. सोमवारी दारफाळणीचा सण. दिवसभर दारं बंद, सगळे पांढऱ्या कपड्यांत, उपाशी, आणि काम एकच, माफी मागायचं. त्याहून बरी वेळ मिळायची नाही. शेवटची प्रार्थना झाली की उपास सोडायच्या आधी उभं राहून सांगून टाकायचं. कागद आलाय, मलिदा त्याचा होता, बिन्यामीनला बोललो ते चूक. तीन गोष्टी. रि.ला सांगितलं. ती म्हणाली, “बघू.”

१३ ऑक्टोबर, मंगळवार. शिळा सण.

काल नाही सांगितलं.

लिहायला सुद्धा लाज वाटते. पंचवीस तास पाणी नाही, दिवसभर वाचून घसा सुकला, हे सगळं खरं. बाहेर दसऱ्याची गडबड, शेजारच्या पोरांनी आपट्याची पानं बंद दाराच्या फटीतून आत सारली. शेवटी सेफेर कपाटात ठेवला आणि उभा राहिलो. तोंड उघडणार तोच इ.काका म्हणाले, “शमू, पुढच्या वर्षीबी असंच वाच रे बाबा.” सगळे हो हो म्हणाले. मी मनुकांच्या सरबताचा पेला उचलला.

आज शिळा सण, एकमेकांकडे जायचं. दुपारी बिन्यामीन आणि लेआ पुऱ्यांचा डबा घेऊन आले. बि. सरळ माझ्यापुढे आला, हातबोशी केली, आता डोळ्यांत बघून.

“मास्तर, तुमी त्या दिवशी बोललात ते लई लागलं. पण खरं बोललात. बापाची आठवण झाली. आमी ऱ्हातो.”

“अरे, काय बोलतोस!”

“नाय, ठरलं. लेआलापण समजावलं. तुमच्यासारखा मानूस इथं पाय रोवून ऱ्हातो, मग आमालाच काय धाड भरलीय? फक्त ते ऑफिसला इंग्रजीत कळवायला पाहिजे, येत नाय म्हणून. ते तेवढं तुमी लिहून द्या.”

खिशातून लखोटा काढून माझ्या हातात दिला. माझ्या लखोट्यासारखाच, लांब. लेआ जमिनीकडे बघत होती. रडून डोळे सुजले होते, पावडर लावून झाकायचा प्रयत्न केलेला. रि.ने तिला आत नेलं. 

आता तरी बोल, शमुवेल! नाही बोललो. “उद्या संध्याकाळी ने” म्हणालो. तो खुशीत पुरी खात बसला.

१४ ऑक्टोबर, बुधवार.

डोकं दुखतं सांगून शाळेतून लवकर आलो. खोटं नव्हतं.

टेबलावर दोन लखोटे. दोन्हींची उत्तरं उद्याच्या टपालाने गेली तरच वेळेत पोचतील. कोरे कागद दोन घेतले. त्याचं ‘नाही’ लिहायचं आणि माझं ‘हो’ लिहायचं, तर त्याच्यासारखा गाढव नाही आणि माझ्यासारखा हरामखोर नाही. दोन्ही ‘हो’ लिहायची तर त्याला आधी सगळं सांगावं लागेल, आणि पो.पूरला जाऊन काकांना सांगावं लागेल. दोन्ही ‘नाही’ लिहायची, तर आत बसलेल्या बाईला काय सांगू?

चार वाजून गेलेत. बिन्यामीन साडेपाचला येईल. वर तारीख घातली, ऑफिसचा पत्ता घातला. खाली ‘महाशय’. इथवरचा मजकूर दोघांनाही चालतो.

रि. आत्ता चहा ठेवून गेली. जाताना कागदाकडे बघून म्हणाली, “हे कोणाचं?”