गोरिलाच्या आतला माणूस

६ फेब्रु.
ऑफिसात शेवटी तो सिनेमा आला. बावळट गुप्तहेर, पुठ्ठ्याचं जंगल. जुन्या निगेटिव्हवरचे ओरखडे काढायचेत, तीन आठवड्यांचं काम. यातल्या गोरिलाच्या पोशाखात बाबा होते, हे लहानपणापासून ऐकत आलेय. घरी येऊन सांगितलं. चहा तसाच ठेवून उठले, गोरिलासारखे चालून दाखवायला लागले. वय ८१. गुडघे!

९ फेब्रु.
गोरिला हेराची बॅग पळवतो, आतला आरसा काढतो आणि भांग पाडतो. सगळे खो खो हसले. शेजारच्या टेबलावरचा फरहान म्हणाला, "अंकल तो कमाल हैं यार!" आज मीही जरा ताठ चालले.

१३ फेब्रु.
फिल्मच्या डब्याच्या तळाशी कापून टाकलेले तुकडे. त्याच सीनचे. 'कट'नंतरही कॅमेरा दोन-तीन सेकंद चालू राहिलाय. गोरिला मुंडकं काढतो, घाम पुसतो.
बाबा नाहीत.
पुन्हा लावलं. रुंद जबडा, पुढचा दात अर्धा. कुणीतरी भलताच.

१५ फेब्रु.
सगळे तुकडे पाहिले. चेहरा दिसतो तिथे तोच माणूस. पाण्यात पडायच्या सीनमध्ये मात्र चेहरा नाहीच. तिथे बाबा असतील?
जेवताना सहज विचारलं, "बाबा, त्या पोशाखात आणखी कुणी असायचं का?"
"पोशाख एकच होता. फार उकडायचं." मग आमटी मागितली.
हे उत्तर झालं? आई असती तर... पण तिने लग्नाला होकारच म्हणे गोरिला बघून दिला होता.

२० फेब्रु.
फरहानने तुकडे पाहिले. "सिनेमा के बाद लगा दें? लोगों को मज़ा आएगा." थांब म्हटलं. त्या माणसाचंही कुणी असेलच. त्याची मुलगीही 'गोरिला म्हणजे माझे बाबा' सांगत असेल आणि सगळे तिला हसत असतील. मेट्रोत एक स्टेशन पुढे गेले.

२ मार्च
कोपर्निकस मार्गावरच्या सभागृहात सिनेमाचा खेळ झाला. तुकडे लावले नाहीत. बाबा कोट घालून. गोरिला आला तेव्हा पडद्याकडे नाही, हसणाऱ्या लोकांकडे बघत होते. दिवे लागल्यावर कुणीतरी ओरडलं, "अरे, गोरिला इथेच बसलेत!" यूपीएससीची तयारी करणारी चार-पाच मुलं फोन काढून आली. बाबा उठले, आणि थबकले. माझ्याकडे वळून हळू आवाजात, "काढू देऊ का गं फोटो?"
बाबांनी आजवर मला विचारून काही केलेलं नाही.
हो म्हटलं. पण जरा उशिराच. तो उशीर त्यांनी पाहिला.