तिघांचे अहवाल

३ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. प्रयोगशाळेत डबा उघडायलाही फुरसत मिळत नाही, असे लिहितेस. लहानपणी भुकेने घर डोक्यावर घेणारी ती हीच का, असा प्रश्न पडला.

आमची भुंगी तापाने गेली, त्याला आता अर्धे वर्ष होईल. दाखल्यावर ‘अज्ञात ताप’ एवढेच आहे. तुझ्या वहिनीने मात्र कारण स्वतःच ठरवून टाकले आहे. गच्चीवरच्या कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचत असे. त्यातलेच डास लेकीला चावले, म्हणजे ‘मीच तिला मारले’, असे ती म्हणायची. सगळ्या कुंड्या तिने देऊन टाकल्या. मी समजावले, शेजारणीने समजावले; पालथ्या घड्यावर पाणी. हल्ली तिने बोलणेही टाकले आहे.

भुंगीचे रक्त इस्पितळाने तुमच्याकडेच पाठवले होते. तुमचे यंत्र रक्तातल्या विषाणूची जनुके अक्षर अक्षर लावून वाचते, असे तू सांगितले होतेस. तेवढे वाचून घे. कारण डास नव्हेत, हे एकच वाक्य मला हवे आहे.

जेवणाची हेळसांड करू नये. माया आहेच, ती कागदावर कशाला मागू.

तुझा दादा

२६ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

साहेबांची रीतसर परवानगी घेतली. घरचा नमुना म्हणून मी नळीला हात लावला नाही. सगळे काम सहकारिणीने केले.

कारण न कळलेल्या तापाच्या चार रुग्णांचे थोडे थोडे रक्त आम्ही आधी एकत्र करून वाचतो. त्यात काही सापडले, तर प्रत्येकाचे उरलेले रक्त स्वतंत्र तपासतो. भुंगीच्या गटात एक विषाणू सापडला. त्याला अजून नाव नाही, नुसता क्रमांक आहे. कूळ मात्र डासांतून पसरणाऱ्यांचे आहे.

बाकी तिघांचे रक्त स्वतंत्र तपासले. त्यांत तो नाही. भुंगीची नळी रिकामी झाली होती. सुईला ती किती भ्यायची, तुला ठाऊक आहे. रक्त मुळातच थोडे मिळाले होते. म्हणून तिच्या नावाने अहवाल देता येत नाही.

यंत्राला विषाणू कळतो. डास घरातला, शाळेतला की रस्त्यावरचा, हे त्याला कळत नाही. वहिनीला हे आधी सांग. खोटे लिहायला हात वळेना. काही कमी लिहिले असेल, तर ते तुझे तूच जाणशील.

दोघेही मला अंतर देऊ नका.

तुझी ठमी

१० मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र मिळाले. चौघांच्या एकत्र रक्तात निघाला, तिघांच्या स्वतंत्र रक्तात निघाला नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. एवढी वजाबाकी मला जमते. तुझी मांडणी चोख आहे, तक्रार नाही.

तुझ्या वहिनीला पत्र मीच वाचून दाखवले. ती भाजी निवडत होती. गटात विषाणू सापडल्याचे वगळले. बाकी तिघांत तो नाही, या ओळीवर आलो आणि डासांचा विषाणू चौघांतही नाही, असे वाचले. पुढचेही गाळले. शाळा आणि रस्ता तिला ऐकवला असता, तरी तिला आपली गच्चीच दिसली असती.

तिचे हात थांबले. खरंच का, एवढेच तिने विचारले. आपली ठमी कधी खोटे लिहीत नाही, असे मी सांगितले. मग ती रडली. भुंगीला निरोप दिल्यापासून ती रडलीच नव्हती. पुष्कळ वेळ रडली, मग भाजी तशीच टाकून माझ्या खांद्यावर झोपली. मी हललो नाही.

तुझे पत्र नंतर फाडून टाकले.

ती तुला बोलावते आहे. भुंगीचे लाड सर्वांत जास्त आत्याने केले, तिच्याशीच बोलेन म्हणते. ये, आठवडाभर राहा. तिच्यापाशी बस, हवे तितके बोल. फक्त तू आणि मी, दोघांनीच एका खोलीत बसायचे नाही. तू एकटी समोर आलीस, तर माझ्याने धीर धरवणार नाही.

येण्याचा दिवस कळव. बाकी काही कळवू नये.

तुझा दादा