लाल बटन

९ जून, अमरावती
झालं, माझ्याच गळ्यात पडलं. सूर्यभान सर म्हणाले, "आचल, पेरणीच्या आत ॲप नीट लावून दे." साप चावला की खेड्यातून जवळच्या दवाखान्याला फोन लावणारं ॲप, आणि सगळा कोड एकाच फाइलीत! धर्मेंद्रनं लिहिला आणि पुण्याला पळाला. आता त्याची वेगवेगळी मॉड्यूल करायची. नकाशा इकडे, फोन तिकडे, औषधाचा साठा तिसरीकडे. एक दोरा ओढला की भलतीकडंच उसवतं.

११ जून
धर्मेंद्रला फोन केला. म्हणे, "बटनं कोडातल्या फंक्शनले नावानं हाक मारतात. मॉड्यूलमधी टाकलं का ते खोलीत बंद, हाक आयकूच जात नाई. एकूण एक बटन दाबून पाहजो."

१४ जून
खरंच. नकाशाचं बटन मेलं, साठ्याचंही. दोन्ही दुरुस्त केली.
राहिलं लाल, दवाखान्याला फोन लावणारं. त्यावर "पान लागलं" लिहायचं मीच सुचवलं होतं. साप चावला असं गावात कोण म्हणतं? जेवताना आईजवळ बोलले तर ती घास ठेवून म्हणाली, "उगाच दाबू नको वो. त्याले कोनी मुद्दाम बोलावते का?" ऑफिसात हे सांगितलं तर नीलम हसली आईला. पण दाबलं तिनंही नाही. बाकीची चालतात म्हणजे तेही चालत असेल.

१६ जून
नवं ॲप लोकांच्या फोनवर सोडलं. देवा, सांभाळ.

२१ जून
रोज उठल्याबरोबर मोबाइल बघते — शिव्या आल्या असतील म्हणून. एकही तक्रार नाही. सर म्हणाले, "कायले भेत होती एवढी?" आज पोटभर जेवले.

२४ जून
मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातल्या दवाखान्यातून सीमा सिस्टरचा फोन. आवाज हसरा. "मॅडम, पेरणीत दरसाल तुमच्या ॲपचे फोन थांबत नाईत. यंदा आठ दिवसांत एकबी नाई. कोनाले पानच नाई लागून राहिलं वाटते. बरं झालं, नाई?"
मी हो म्हटलं. हो म्हटलं मी.

२४ जून, दुपार
लाल बटन दाबलं. काहीच झालं नाही.
आता दुरुस्त केलंय. पण सोळा तारखेपासून किती जणांनी दाबलं, हे कुठेच कळत नाही.