डोंगर आपलाच, मग तिकीट आधी कशाला?

अ‍ॅथलोन, केप टाउन
४ जानेवारी, जेवणानंतर

आदरणीय बेरिलताई,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तू किंबर्लीच्या त्या भट्टीत अजून शाबूत आहेस असं धरून लिहितो आहे. दाजींचा गुडघा काय म्हणतो? तू पाठवलेला नाताळचा केक पोचला. तुझी भावजय शर्लीन म्हणते छान होता. (मला डबा बघायला मिळाला.) आईचं जेवणखाण उत्तम आहे, आवाज तर तुला फोनशिवायही ऐकू येत असेल. डोळ्यांचं मात्र तुला ठाऊकच आहे. उजवा गेला. डाव्यातला काचबिंदू औषधाला दाद देत नाही, आणि डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की आजींना जे काही बघायचं असेल ते हिवाळ्याच्या आत दाखवून घ्या.

आईला काय बघायचंय तेही तुला ठाऊक आहे. टेबल माउंटनवर जाऊन वरून एकदा डिस्ट्रिक्ट सिक्स. गोऱ्यांच्या सरकारने आपल्याला ट्रकमध्ये घालून तिथून हाकललं, मागे घरं जमीनदोस्त केली, चर्च तेवढं ठेवलं. चर्चपासून तिसरी गल्ली, कोपऱ्यावरचं आपलं घर. आज तिथे गवत आहे. पण आईचं म्हणणं असं की गवतात उभं राहून काही कळत नाही, वरून गल्लीची रेघ नक्की दिसेल.

आता मुद्द्यावर येतो. रोपवेची तिकिटं आधी काढून ठेव, नाताळात तिथे अख्खं जग लोटतं, असं तू फोनवर मला तीनदा बजावलंस. तुझा मान राखून सांगतो की हा सल्ला परगावच्या माणसाला ठीक आहे. (तुमच्या गावात बघायला हिऱ्यांच्या जुन्या खाणीचा एक मोठा खड्डा. खड्डा काही वाऱ्याने बंद पडत नाही, तेव्हा त्याचं तिकीट तुम्ही खुशाल वर्षभर आधी काढा.) केपचा माणूस सकाळी उठून आधी डोंगर बघतो, मग चहा ठेवतो. माथ्यावर ढगाचा टेबलक्लॉथ पसरला की वारा सुटणार, रोपवे थांबणार, घरी बसायचं. माथा स्वच्छ असला की निघायचं. यात तिकिटाचा संबंध येतो कुठे? गेली एकसष्ट वर्षं हा डोंगर मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाचतो आहे. वर कधी गेलो नाही, ते केवळ वेळ मिळाला नाही म्हणून.

शिवाय आपला मॉरिस होताच. चुलतभाऊ रोपवेवर अठरा वर्षं नोकरीला असताना रांगेत उभं राहणं हा त्याचा अपमान झाला असता. मागच्या दाराने आत जाऊ, असं मी आईला आणि शर्लीनला आदल्या दिवशीच सांगून टाकलं.

तर शनिवारी माथा धुतल्यासारखा स्वच्छ होता. मी म्हटलं, उद्या दुपारपर्यंत वाऱ्याचं नाव नाही, चला. शर्लीनने खिम्याचे फ्रिकाडेल तळले, चिंचोळ्या ब्रेडचं हातभर लांब गॅट्सबी सँडविच बांधून घेतलं, कूलबॉक्स, तीन घडीच्या खुर्च्या, आईची चर्चला जायची निळी टोपी. गाडी लावायला जागा मिळाली ती इतक्या खाली की तिथून आमचं घर जवळ पडलं असतं. वर पोचलो तर दोन रांगा. एक तिकीटवाल्यांची, ती झऱ्यासारखी वाहत होती. दुसरी आमची, ती वळणावरून दिसेनाशी होत होती.

मी शर्लीनला म्हटलं, थांब, मॉरिसला गाठतो. मॉरिस लगेच सापडला. तिकीटवाल्यांच्या रांगेत, बायको-नातवंडांसकट, हातात छापलेले कागद. मार्चमध्ये निवृत्त झाला म्हणे. (नातेवाइकांना कळवायची पद्धत राहिली नाही.) मी म्हटलं, अरे तू आतला माणूस, तू कशाला तिकिटं आधी काढलीस? तर म्हणतो, "नेव्हिलदादा, अठरा वर्षं आत होतो, म्हणूनच काढली." आणि गेला पुढे. जाता जाता नातवाला सांगत होता की वर जाताना पायाखालची फरशी गोल फिरते. असं कुणी कशाला केलं असेल, हे मला अजून समजलेलं नाही.

तीन तास ताई, तीन तास. आई खुर्चीत राणीसारखी बसलेली, दर पाच मिनिटांनी आम्ही तिला खुर्चीसकट हातभर पुढे सरकवायचो. तिने मागच्या जर्मन जोडप्याला फ्रिकाडेल खिलवले, त्यांना डोक्याच्या रुमालाची गाठ शिकवली, ते तिला मामा म्हणायला लागले. आमच्यापुढे फक्त सात माणसं उरली होती. मी खिशातून पाकीटही काढलं. आणि रोपवे बंद झाल्याचा भोंगा वाजला. वर बघतो तर टेबलक्लॉथ कोपऱ्यापर्यंत घातलेला. न सांगता आलेला वारा! शर्लीनची टोपी गेली, जर्मनांचा नकाशा गेला. शर्लीन माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "खिडकी पुसायला हवी होती."

आई मात्र रागावली नाही. कठड्याशी गेली, म्हणाली, इथूनही थोडं दिसत असेल, चर्च कुठलं ते दाखव. मी बोट दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, दिसलं. ताई, ती भलतीकडेच बघत होती, बंदराकडे. मी म्हटलं हो, तेच ते. आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या, पण ही एवढी एक अजून पचलेली नाही.

असो. तत्त्व म्हणून बघशील तर मी बरोबरच होतो. भोंग्यानंतर मॉरिसलाही तासाभरात खाली उतरवला. तिकीटवाला आणि बिनतिकिटी, दोघांनाही वारा सारखाच लागला. (मॉरिस म्हणतो, तो तीन तास वर होता आणि मी तीन तास खाली. बारीकसारीक हिशेब करायची त्याची सवय जुनीच आहे.) तेव्हा या विषयावर आता वाद नको.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नेव्हिल

ता. क. तुझी लेक कॉम्प्युटरवर बसते, तिच्याकडून पुढच्या आठवड्यातल्या सकाळची पहिली तिकिटं काढून घे. आई आणि शर्लीन, दोन. भेट म्हणून तू पाठवलीस असं कळव, माझं नाव येता कामा नये.

ता. क. २. दोनच. चुकून तीन नकोत. कुणीतरी कूलबॉक्सपाशी थांबायला हवं. आता तुझ्यापासून काय लपवायचं? तिकिटं नसली तर जायला मिळणार नाही, हे मला शनिवारी सकाळीही ठाऊक होतं. तारेवर लोंबकळणाऱ्या रोपवेच्या त्या डब्याकडे नुसतं बघून माझे गुडघे पाण्याचे होतात. आईचा दिवस मी माझ्या गुडघ्यांसाठी घालवला. कुणाला सांगू नकोस.

ता. क. ३. ताई, मी शर्लीन. पत्राचं पाकीट शोधायला हे आत गेलेत. पत्र आईंना वाचून दाखवलं, सगळं. तुम्ही तिकिटांच्या भानगडीत पडू नका, आईंनी शनिवारीच माझ्याकडून काढून घेतली, मंगळवारची, तीन. चर्चच्या मनोऱ्यावर सातव्या वर्षी हे शिडीला चिकटून बसले होते आणि आईंनीच वर चढून उतरवलं होतं, हे त्यांना वाटतं आई विसरल्या. आईंनी तुम्हाला लिहायला सांगितलंय: बंदर मला कळत होतं, पण पोराचा चेहरा पडला होता म्हणून दिसलं म्हटलं. मंगळवारी त्याला म्हणावं डोळे गच्च मिटून घे. बघायचं मला आहे. त्याने फक्त माझा हात धरायचा.