येता आठवडा कोरडा, असे सांगणाऱ्या फोनबाबत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी साहेब,
आंबेखोल गारपीट व मारहाण प्रकरण,
कॅम्प शाहूपुरी, कोल्हापूर.

अर्जदार : सौ. संघप्रिया प्रसेनजीत कुरणे, रा. मौजे आंबेखोल,
सध्या मुक्काम दवाखान्याचा व्हरांडा, कोल्हापूर.

विषय : हवामानाचा फोन कोणी केला, याचे लेखी उत्तर मिळणेबाबत.
संदर्भ : कोतवाल प्रसेनजीत कुरणे यास आलेली निलंबनाची नोटीस.

महोदय,

१. कोतवाल प्रसेनजीत कुरणे याचे डोके फोडणारे हात गावाचे होते, पण ते हात उठवणारा माणूस सरकारी खुर्चीत बसला आहे. फोनवर त्याने नाव सांगितले नाही, म्हणून या अर्जात त्याला नुसते 'साहेब' म्हटले आहे. साहेबांनी फोन केला, गावाची घरे उघडी पाडली, आणि आता म्हणतात, असा फोन झालाच नाही. हे धादांत खोटे आहे.

२. शुक्रवार दि. २० एप्रिल रोजी ग्रामपंचायतीतला फोन प्रसेनजीतने स्वतः उचलला. तालुक्याहून साहेब म्हणाले, "येता आठवडा कोरडा, आकाश निरभ्र. घरांची डागडुजी ह्याच आठवड्यात उरकून घ्या म्हणावं. दवंडी द्या." प्रसेनजीत म्हणाला, "देतो साहेब, कर्ण्यावरनं सांगतो." तर म्हणे, "कर्णा नको, हलगी वाजव. त्याशिवाय तुमचं गाव ऐकत नाही." प्रसेनजीतच्या आज्याने छप्पन साली धम्म घेतला तेव्हा हलगी नदीत सोडली होती. त्यानंतर त्या घरात हलगी शिरली नव्हती. नोकरी जाईल या भीतीने नातवाने ती तालमीतून मागून आणली, आणि मान खाली घालून गावभर बडवली.

३. आमच्याकडे पावसाळा दांडगा. त्याआधी घरावरची कौलं उतरवून, फुटकी काढून परत रचावी लागतात. दवंडी ऐकून अख्ख्या गावाने एकदमच कौलं उतरवली. म्हातारी बायडाबाई चौगले दारात येऊन विचारती झाली, "लेकरा, नक्की कोरडं न्हवं?" प्रसेनजीत म्हणाला, "सरकार सांगतंय आज्जी, उतरा की बिनघोर." हे शब्द आता तो दवाखान्यात झोपेत बडबडतो. स्वतःच्या घराची कौलंही त्याने त्याच दिवशी उतरवली, याची कृपया नोंद घ्यावी.

४. मंगळवारी दुपारी गगनबावड्याच्या बाजूने काळं आभाळ चालून आलं. वाऱ्याने आधी मोकळे वासे उचलून अंगणात आपटले, मग लिंबाएवढ्या गारा सुरू झाल्या. गोठ्यातली जनावरं दावी तोडून सुटली. डोक्यावर छप्पर नाही तर माणूस पळणार कुठे? अर्जदाराने लेक साक्षी हिला बाजल्याखाली ढकलले आणि स्वतः बाजल्यावर पालथी पडली. पाठीवरचे वळ अजून काळे आहेत. मातीच्या भिंती वरून पाणी पिऊन पिऊन जागच्या जागी बसल्या. बायडाबाई भाताची कणगी झाकायला आत गेली, ती भिंतीखालीच राहिली.

५. पाऊस थांबला आणि गाव आले. पुढे बायडाबाईचा मुलगा सयाजी, आईला उकरून काढलेले हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले. "बिनघोर म्हणालास न्हवं? बघ ये माझी आई!" प्रसेनजीत हात जोडून उभा राहिला. पहिली रीप त्याच्या खांद्यावर मोडली. मग ज्याच्या हाताला जे लागेल ते, वासा, कौल, दगड. कौलाची कड डाव्या डोळ्यात गेली. पडल्यावरही थांबले नाहीत. तीच हलगी गळ्यात अडकवून त्याला चावडीपर्यंत फरफटत नेले. चावडीत तलाठी होते. त्यांनी आतून कडी घातली. वास्तविक कोरडा आठवडा गावात आणखी दोघांनी सांगितला होता, तलाठ्यांनी आणि सरपंचांनी. त्यांच्या अंगाला बोट लागले नाही. का, ते सगळ्यांना ठाऊक आहे, लिहीत कोणी नाही. म्हणून अर्जदार लिहीत आहे : ते कुरणे नाहीत.

६. सयाजीची आई गेली, त्याचा राग अर्जदाराला कळतो. सरकारचा राग कळत नाही. मारणाऱ्यांची नोंद 'अज्ञात जमाव' अशी झाली आणि गुन्हा प्रसेनजीतवर, अफवा पसरवल्याचा! पोलीस ठाण्याचे अंमलदार म्हणाले, "घबराट पसरवली असं लिवता येत न्हाय बाई, म्हणून खोटी निर्धास्ती पसरवली असं लिवलंय." अर्जदाराने विचारले, "अफवा पसरवणारा आपल्याच घराची कौलं उतरतो व्हय?" तर म्हणाले, "ते कोर्टात सांगा." पाठोपाठ तालुक्याच्या कार्यालयाची नोटीस आली. कार्यालयातून फोन झालेला नाही, सबब कोतवालाने मनानेच दवंडी दिली. वर असेही लिहिले आहे की, 'दवंडीतील हवामान व प्रत्यक्ष हवामान यांत तफावत का पडली, याचा खुलासा सात दिवसांत करावा.' एक डोळा गेलेल्या माणसाने आभाळाचा खुलासा करायचा!

७. आता खरी गंमत ऐका. परवाच्या शुक्रवारी अर्जदार एका दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत गेली असता फोन वाजला. शिपाई पिराजी म्हणाला, "वैनी, तालुक्याचा हाय, कोतवालाला मागत्यात." अर्जदाराने घेतला. "कोतवाल कुठाय? येता आठवडाही कोरडा आहे. दवंडी द्या." अर्जदार म्हणाली, "साहेब, तुमचा मागचा कोरडा आठवडा दवाखान्यात पडलाय." मग म्हणाले, "बाई, ते तुमचं घरगुती. दवंडी कोण देणार ते बोला." त्याच वेळी बाहेर पत्र्यावर टपाटप थेंब वाजायला लागले. अर्जदाराने फोन खिडकीबाहेर धरला. "ऐकू येतंय का साहेब?" "लाईन खराब आहे," म्हणाले आणि ठेवला.

८. आईच्या मृत्यूची नोंद करायला सयाजी चौगले तिथेच आला होता. अर्जदाराने फोन ठेवला तेव्हा तो भिंतीला टेकून खाली बसला. म्हणाला, "वैनी, म्हंजे फोन खरंच आलता?" त्याचे उत्तर देणे अर्जदाराचे काम नाही, आपले आहे.

९. येत्या शुक्रवारी फोन वाजला की तो सयाजी उचलणार आहे. काय बोलणार, ते त्याने सांगितलेले नाही. फोन ठेवल्यावर साहेबांना गाठायला तालुक्याची एसटी धरणार नाही, असेही त्याने कबूल केलेले नाही. प्रसेनजीत उठून बसू लागताच पोलीस त्याला नेणार आहेत. तेव्हा खुलासा नको, चौकशी सुरू आहे हेही नको. तो फोन तुमच्या माणसाने केला, हो की नाही? सहीशिक्क्यानिशी, शुक्रवारच्या आत, उत्तर द्या.

उत्तर घेतल्याशिवाय न उठणारी,

संघप्रिया प्रसेनजीत कुरणे
दि. ३० एप्रिल २००१